गोष्ट संपूर्ण केव्हा होते?

मराठी कथेची आजवर चार नावे झाली. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले. त्या काळच्या सुट्या गोष्टींस 'स्फुट गोष्टी' म्हणत. पुढे काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजना'च्या दिवसांत, विशेषतः विठ्ठल सीताराम गुर्जर यांच्या लेखणीमुळे, 'संपूर्ण गोष्ट' हे नाव वाचकांच्या तोंडी बसले. त्यामागून 'लघुकथा' आली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस 'नवकथा'. यांपैकी पहिले नाव गोष्टीचा सुटेपणा सांगते, तिसरे तिची लांबी सांगते व चौथे तिचे वय. दुसरे तेवढे तिच्या अंगच्या गुणाविषयी काही सांगू पाहते. मात्र त्या वेळच्या संपादकांच्या मनात एवढा खोल अर्थ असेल असे आम्हांस वाटत नाही. क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांच्या गर्दीत, ही गोष्ट याच अंकी सुरू होऊन याच अंकी संपते, वाचकास महिनाभर तिष्ठत ठेवीत नाही, एवढेच आश्वासन त्या शब्दांत होते. दुकानदाराने मालावर लावलेली ती चिठ्ठी होती म्हणा ना! परंतु चिठ्ठीवर पडलेला शब्द मोलाचा आहे. शेवटच्या ओळीखाली 'समाप्त' छापले म्हणजे गोष्ट संपते. पण ती संपूर्ण झाली असे म्हणावयास काय काय लागते?

या प्रश्नाचे तयार उत्तर आज जिकडे तिकडे मिळते. शाळेत मुलांस मुद्द्यांवरून गोष्ट लिहावयास देतात. गाव, दुष्काळ, गरीब मुलगा, विहीर, बक्षीस, असे पाचसहा मुद्दे फळ्यावर लिहिले जातात. मुलाने त्यांस क्रियापदांनी जोडावे, वर शीर्षक व खाली तात्पर्य लिहावे, की गुण पदरात पडले. वाक्यरचनेचा सराव म्हणून यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती हेच मूल मोठे होऊन कथा लिहावयास बसते तेव्हाही तोच नमुना त्याच्यापुढे असतो याला. मुद्द्यांची नावे तेवढी भारदस्त होतात: पात्रे, स्थळ, काळ, संघर्ष, परमोच्च बिंदू, शेवट. कथालेखनाच्या शिबिरांतून हीच यादी सांगितली जाते. अभिप्रायार्थ येणारी हस्तलिखिते आम्ही वाचतो, तेव्हा यादीतला एकही जिन्नस कमी नाही आणि तरीही गोष्ट झाली नाही, असा अनुभव वारंवार येतो. गोष्ट ऐकणारे मूल मध्येच 'मग?' असे विचारते, त्यात उत्कंठा असते. ही हस्तलिखिते वाचून संपल्यावरही ओठांवर 'मग?' हाच शब्द येतो. पण तो त्या मुलाचा नव्हे, फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाचा.

यादी बाजूस ठेवून एक गोष्टच पाहू. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आमच्या बहुतेक वाचकांनी घरी ऐकलेली असेल. एका राजाच्या मनात महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे येते. घरातले सगळे दूध देवळात आणावे, अशी आज्ञा होते. राजाच्या धाकाने लोक मुलांच्या तोंडचे, वासरांच्या वाट्याचे दूध आणून ओततात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने मुलाबाळांस दूध पाजलेले असते, वासरांस सोडलेले असते. उरलेले खुलभर दूध ती ओतते आणि गाभारा भरतो. पुढल्या सोमवारी तोच प्रकार. अखेर राजा स्वतः पाळत ठेवतो, म्हातारीस धरतो, अभय देतो, व मग ती भीत भीत कारण सांगते. दुसऱ्या खेपेस सगळे गाव तिच्यासारखे वागते आणि गाभारा भरतो.

या कहाणीत एकाही माणसास नाव नाही. नगर कोणते ते माहीत नाही, काळ कोणता ते नाही, देवळाच्या शिखराचे वर्णन नाही, राजाच्या मिशांचेही नाही. यादीतले निम्मे जिन्नस गैरहजर आहेत. मग आहे काय? पहिल्या वाक्यातच मांडलेली एक इच्छा आहे: गाभारा भरावा. ती पुरी होण्यास अडथळा आहे, आणि हा अडथळा बाहेरून आलेला राक्षस किंवा शत्रू नसून राजाने इच्छा पुरी करण्यासाठी काढलेली आज्ञाच आहे. जी इच्छा तीच अडचण. यापेक्षा घट्ट वीण कोणत्या आधुनिक कथेत आहे ते आम्हांस कोणी दाखवावे. आणि शेवटी उकल होते तीही दुधानेच होते. सांगणाऱ्या बाईने आकाशातून विमान आणले नाही, की राजास स्वप्नात दृष्टांत दिला नाही. प्रारंभी जो पदार्थ हाती घेतला त्यातूनच शेवट काढला. भेद केवळ मापाचा व मनाचा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. गाभारा पहिल्यांदा भरतो तेथे कहाणी थांबत नाही. यादीवाल्यांच्या हिशेबाने तो परमोच्च बिंदू. तेथून आटोपते घ्यावयास हवे. परंतु तेथे थांबली असती तर ती चमत्काराची बातमी झाली असती. गाभारा का भरला हे राजास कळत नाही, आपणांसही कळत नाही, म्हणून तिला पुढे जावेच लागते. घटना आणि तिचे कारण यांची गाठ पडते तेव्हाच ती संपते. आणि हे कारण सांगते कोण? म्हातारी, तेही राजापुढे, जीव मुठीत धरून. 'तुझ्या हुकुमाने मुलेबाळे उपाशी राहिली' असे राजास तोंडावर सांगणे ही स्वतःच एक घटना आहे. तेच वाक्य सांगणाऱ्याने कहाणीच्या खाली लिहिले असते तर ते तात्पर्य झाले असते. शब्द तेच, अर्थ तोच. पण एक गोष्टीच्या आत आहे व दुसरे गोष्टीला बाहेरून चिकटवलेले. आमच्या सुधारक पिढ्यांनी लिहिलेल्या कितीतरी कळकळीच्या गोष्टी शेवटच्या परिच्छेदात निर्जीव होतात त्या या एका कारणाने.

उपदेशासाठी गोष्ट सांगणे कमी प्रतीचे, असा याचा अर्थ कोणी करू नये. महानुभाव पंथात केसोबासांनी सिद्ध केलेला 'दृष्टांतपाठ' हा त्या प्रकारचा आदर्श ग्रंथ आहे. त्यात आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक अशी मांडणी असते. दृष्टांतातील कोणती बाब कशास लावावयाची हे दार्ष्टांतिकात उलगडते. तेथे दृष्टांत एकटा उभा राहावा अशी अपेक्षाच नाही. तो सूत्राचा चाकर आहे व चाकरी चोख बजावतो. गोष्टीने मात्र आपल्या पायांवर उभे राहावयाचे असते. तिला दार्ष्टांतिक जोडावे लागले तर समजावे की आत काहीतरी उणे आहे.

कहाणीच्या अखेरीस सांगणारी बाई कहाणी 'सुफळ संपूर्ण' झाली असे म्हणते. हे दोन शब्द आपण इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांच्या क्रमाकडे आपले लक्ष जात नाही. आधी सुफळ, मग संपूर्ण. फळ येण्यास बीज लागते, आणि येथे या घरगुती शब्दांचे भरतमुनींच्या शास्त्राशी नाते जुळते. नाट्यशास्त्राने कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या: बीज, बिंदू, पताका, प्रकरी व कार्य. जोडीस पाच अवस्था व पाच संधी आहेतच. आमच्या पंडितांनी ही पंधरा नावे पाठ केली, परीक्षांत लिहिली आणि त्यांचा उपयोग तेवढ्यावर संपवला. पताका व प्रकरी ही मोठी व लहान उपकथानके. नाटकास ती शोभतात, लहान गोष्टीत त्यांस जागा नाही. उरतात ती बीज, बिंदू आणि कार्य, आणि आमच्या मते लहान गोष्टीचा सगळा जीव या तिघांत आहे.

बिंदू म्हणजे मधल्या प्रसंगांनी मूळ हेतू तुटू लागला असता त्यास पुन्हा सांधणारा धागा. या धाग्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. प्रारंभ आकर्षक हवा, शेवट चटकदार हवा, असे सगळेच सांगतात. मध्य म्हणजे दोहोंमधली भरती. पण चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते व तो चिमणीचे मेणाचे घर ठोठावतो. चिमणी बाळाच्या न्हाण्याची, तीटकाजळाची, निजवण्याची एकेक सबब सांगत त्यास बाहेर ताटकळत ठेवते. या गोष्टीचा शेवट घरोघर वेगळा असतो. कोठे कावळा भाजतो, कोठे तो कोपऱ्यात बसून काही खात राहतो, आणि पुष्कळ घरांत शेवट येण्यापूर्वीच श्रोता झोपी गेलेला असतो. शेवट बदलला तर मूल एक वेळ चालवून घेते. पण एक सबब गाळून पाहा! ते लगेच उठून बसेल. दारावरची प्रत्येक थाप पहिल्या थापेची आठवण देते आणि पावसात भिजणारा कावळा नजरेआड होत नाही, हाच बिंदू. तीन वर्षांच्या श्रोत्यास तो कळतो आणि पुष्कळ संपादकांस कळत नाही.

आता बीज कसे ओळखावे? सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यांतील मंदारवतीची कथा या कामी उपयोगी पडते. तिला तीन तरुणांची मागणी येते. निर्णय होण्यापूर्वीच ती मरते. एक तिच्या राखेवर निजून तेथेच राहतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेस नेतो, तिसरा भटकत जाऊन मृतास उठविणारा मंत्र मिळवून आणतो. तिघे जमतात, कन्या जिवंत होते, आणि पुन्हा भांडण लागते. घटनांच्या दृष्टीने येथे काहीच उरलेले नाही. मेलेले माणूस उठले, याहून मोठी घटना कोणती आणणार? तरीसुद्धा गोष्ट अपुरी आहे, हे वेताळास ठाऊक आहे व राजासही. कारण बीज तिच्या मरणात नव्हतेच. ती कोणाची, या प्रश्नात होते. राजा न्याय करतो: जीव देणारा पित्यासारखा, अस्थी नेणारा पुत्रासारखा, राखेवर निजला तोच पती. या वाक्यासरशी मागचा प्रत्येक तपशील आपापल्या जागी जाऊन बसतो आणि प्रेत पुन्हा झाडास लोंबकळू लागते. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, अशी वेताळाची अट आहे. श्रोत्यास गोष्टीत इतके बांधून घेणारी युक्ती आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही.

आपल्याकडे शेवट म्हटला की कलाटणी, हे समीकरण रूढ झाले ते मोपासाँच्या प्रभावाने. त्याची हिऱ्यांच्या हाराची कथा (१८८४) इतकी अनुकरण पावली की तिचे मर्म अनुकरणाच्या ढिगाखाली दडपले. शिक्षणखात्यातील एका कारकुनाची देखणी बायको मंत्र्यांकडील मेजवानीसाठी मैत्रिणीचा हार उसना आणते, हरवते, नवऱ्याबरोबर कर्ज काढून छत्तीस हजार फ्रँकांचा तसाच हार परत करते व दहा वर्षे राबून कर्ज फेडते. शेवटी कळते की मूळ हार खोटा होता. त्याची किंमत फार तर पाचशे फ्रँक. नवशिक्यांनी यातून घेतले ते हे, की शेवटच्या ओळीत वाचकास धक्का द्यावा. पण धक्का तर कोणीही देऊ शकतो. दाराआड उभे राहून 'भो' करणारे पोरही देते. मोपासाँचा धक्का दुसऱ्या वाचनातही ओसरत नाही, याचे कारण तो पहिल्या पानावर पेरलेला आहे. आपण आहोत त्याहून वेगळे दिसावे, हीच त्या बाईची तळमळ. आणि हारही तसाच, आहे त्याहून वेगळा दिसणारा. ज्या जवाहिऱ्याचे नाव पेटीवर असते तो सांगतो की, हार आपण विकला नाही, केवळ पेटी दिली. हार परत करताना बाईच्या मनात धास्ती असते, पण मैत्रीण पेटी उघडूनच पाहत नाही. आणि या सर्वांच्या मुळाशी एक लहानसे पत्र आहे: हार हरवला असे न लिहिता, कडी तुटली म्हणून दुरुस्तीस दिला आहे, असे नवऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलेले. त्या दिवशी खरे लिहिले असते तर दहा वर्षे वाचली असती. म्हणजे फळ कडू असले तरी झाड तेच आहे. आमच्या कथांत बहुधा पेरणी वांग्याची आणि तोडणी आंब्याची असते, व वाचक चकित झाला म्हणून लेखक खूश!

उलट, कलाटणीवाचून गोष्ट होत नाही असे मानणाऱ्यांनी चेकॉव्हची गाडीवानाची कथा (१८८६) वाचावी. आयोना हा म्हातारा भाड्याची बर्फगाडी हाकतो. त्याच आठवड्यात त्याचा मुलगा वारला आहे. ते कोणास तरी सांगावे एवढीच त्याची इच्छा. एक लष्करी अधिकारी बसतो, मग तीन दंगेखोर तरुण बसतात. कोणी ऐकत नाही. तळावर एक तरुण गाडीवान पाणी पिण्यास उठतो व पुन्हा झोपी जातो. शेवटी आयोना तबेल्यात जाऊन घोडीस सर्व काही सांगतो. यात रहस्य नाही, उलगडा नाही, कोणाचे दैव पालटत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गाडी जुंपणार आहे. तरी गोष्ट इतकी संपूर्ण आहे की तिच्यात एक शब्द वाढवण्याचे धाडस होणार नाही. बीज होते सांगण्याची गरज. कार्य झाले सांगून. आणि ती घोडी पहिल्याच परिच्छेदात मालकाबरोबर निश्चल बर्फ झेलीत उभी होती, हे आपणांस शेवटी आठवते. सबंध शहरातून माणूस शोधून झाल्यावर जो श्रोता सापडला तो प्रारंभापासून लगामाच्या दुसऱ्या टोकास होता.

हे दोन नमुने शेजारी ठेवले म्हणजे आमच्याकडील एक जुना वाद निम्मा मिटतो. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधना'ने (१९३१) तंत्राची आवड एका सबंध पिढीस लावली. बंदिस्त रचना व आकर्षक प्रारंभ-शेवट यांविषयी मराठी लेखक जागरूक झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. पुढे गंगाधर गाडगीळ यांच्या 'मानसचित्रे' (१९४६) पासून वारे फिरले. शेवट नसलेल्या गोष्टी लिहितात अशी नवकथाकारांवर ओरड झाली. एका पक्षास शेवट म्हणजे कलाटणी वाटली व दुसऱ्यास कलाटणी टाकणे म्हणजे शेवट टाकणे वाटले. नवकथेतील चांगल्या गोष्टी संपूर्णच आहेत. त्यांचे बीज प्रसंगात नसून मनाच्या एखाद्या पिळात आहे, म्हणून फळही तेथेच शोधावे लागते. वाईट गोष्टी अपुऱ्या आहेत, तशा तंत्रवाद्यांच्याही होत्या. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'सारख्या (१९४९) पुस्तकाचा मात्र निराळा विचार करावा लागेल. व्यक्तिचित्राने माणूस डोळ्यांपुढे उभा केला की त्याचे काम झाले; त्या माणसाच्या इच्छेचे पुढे काय झाले, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. गोष्टीवर ती आहे.

राहता राहिला एक प्रश्न, आणि तो यादीत सहसा नसतो: गोष्ट कोणाची? रवींद्रनाथांची 'पोस्टमास्तर' ही कथा (१८९१) आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाची आहे. कलकत्त्याचा एक तरुण आडगावी पोस्टमास्तर होऊन येतो. रतन नावाची पोरकी मुलगी त्याचे घरकाम करते. संध्याकाळी तो तिच्याशी आपल्या आईभावंडांविषयी बोलतो, व ती त्यांस आपलीच माणसे समजून नाती लावू लागते. तापात ती त्याची शुश्रूषा करते. मग तो कंटाळून नोकरी सोडतो. 'मला घरी न्याल?' या तिच्या प्रश्नास हसून वाटेस लावतो. नाव सुटल्यावर त्याचे मन कळवळते, परतावेसे वाटते. पण शिडात वारा भरलेला असतो, व जगात वियोग चालायचेच अशी तो आपली समजूत घालतो. पोस्टमास्तरची गोष्ट येथे संपली. लेखक कमी प्रतीचा असता तर नावेबरोबर गेला असता. रवींद्रनाथ किनाऱ्यावर परत येतात. रतनजवळ असे कोणतेच तत्त्वज्ञान नाही. दादा परत येईल या आशेने ती पोस्टाच्या घराभोवती रडत घुटमळते आहे. तेव्हा कळते की नात्याचे बीज रुजले होते ते तिच्या मनात, त्याच्या नव्हे, आणि गोष्ट पहिल्यापासून तिचीच होती. यानंतर मानवी हृदयाच्या भ्रमाविषयी थोडे चिंतन लेखकाने जोडले आहे. ते सुंदर आहे, आणि आमच्या मते नको होते. म्हातारी राजापुढे बोलली, कारण तिला विचारले गेले. रतनला कोणी काही विचारीत नाही. ती गप्प आहे, तेव्हा तिच्या वतीने रवींद्रनाथांनीही बोलावयास नको होते.